वाचकांचे प्रश्न : युद्धभूमीवरील कृत्रिम बुद्धिमत्ता

युद्धतंत्रज्ञानावरील लेखांनंतर वाचकांची बरीच पत्रे आली. बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे : कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे युद्धात प्राण वाचतील, की ते घेणे अधिक सोपे होईल? माझ्या मते दोन्ही गोष्टी आजच घडत आहेत. कोठे कोणती घडते, हे यंत्राकडे कोणते काम सोपवले आहे आणि त्याच्यावर लक्ष ठेवणाऱ्या माणसाच्या हाती विचार करायला किती वेळ उरला आहे, यावर ठरते. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : बातम्यांमध्ये ‘एआय शस्त्रे’ असा सरसकट उल्लेख असतो. त्यात नेमके काय काय येते? स्वतः विचार करणारे यंत्रसैनिक खरोखरच तयार झाले आहेत का?
*– एक शिक्षिका*

स्वतःच्या मनाने शत्रू ठरवणारे आणि युद्ध पुकारणारे यंत्र कोणाकडेही नाही. प्रत्यक्षात जे आहे ते पुष्कळ वेगवेगळ्या प्रकारचे आहे, आणि त्यातील बराचसा भाग शस्त्र या सदरात मोडतच नाही. १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकी सैन्याने ‘डार्ट’ नावाची संगणकप्रणाली वापरली. माणसे, वाहने आणि माल मिळून पन्नास हजारांपर्यंत नगांची वाहतूक कोणत्या मार्गाने आणि कोणत्या क्रमाने करायची, याचे नियोजन ती करीत असे, आणि एरवी काही आठवडे खाणारे हे काम तासांवर आले. युद्धातील कृत्रिम बुद्धिमत्तेचा हा मोठा विजय होता, तरी त्यात एक गोळीही झाडली गेली नव्हती.

दुसरा प्रकार पाहण्याचा आणि ओळखण्याचा. ड्रोनमधून येणाऱ्या चित्रफिती इतक्या असतात की त्या पाहायला माणसे पुरत नाहीत. त्यासाठी अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २०१७ मध्ये ‘प्रोजेक्ट मेव्हन’ सुरू केला. चित्रफितीतील वाहने, इमारती आणि माणसे सॉफ्टवेअरने हेरून विश्लेषकापुढे ठेवायची, असे त्याचे स्वरूप होते. तिसरा प्रकार म्हणजे शस्त्रातच बसवलेली स्वयंचलितता. युद्धनौकांवरील ‘फॅलँक्स’ तोफ १९८० पासून वापरात आहे आणि ती अंगावर येणारे क्षेपणास्त्र स्वतः हेरून त्यावर मारा करू शकते. इस्राएली बनावटीचे ‘हार्पी’ हे शस्त्र आकाशात घिरट्या घालत शत्रूच्या रडारच्या लहरी शोधते आणि त्या जेथून येतात तेथे जाऊन आदळते.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा, कारण पुढच्या उत्तरांत तो पुन्हा लागेल. फॅलँक्ससारखी जुनी यंत्रणा अभियंत्याने लिहून दिलेल्या नियमांवर चालते. लक्ष्याचा वेग किती, दिशा कोणती, ते जहाजाकडे येते आहे का, एवढेच ती पाहते. आजच्या प्रणाली लाखो उदाहरणे पाहून स्वतःच खुणा शिकतात, आणि त्या नेमक्या कोणत्या खुणा शिकल्या हे त्या घडवणाऱ्यालाही पूर्णपणे सांगता येत नाही.

प्रश्न : मी सैन्यात नोकरी केली आहे. सुरुंग काढताना आणि गस्त घालताना सोबतचे जवान गेलेले पाहिले आहेत. ती जोखीम यंत्राने घेतली तर त्यात वाईट काय? टीका करणारे लेखक ही बाजू विचारातच घेत नाहीत, असे वाटते.
*– एक निवृत्त सैनिक*

आपला आक्षेप रास्त आहे आणि मी तो मनापासून मान्य करतो. सुरुंग शोधण्यासाठी माणसाऐवजी यंत्र पुढे पाठवणे, गोळीबार चालू असलेल्या पट्ट्यातून जखमींना चालकाविना गाडीने बाहेर काढणे, हेलिकॉप्टरचा कोणता भाग निकामी होण्याच्या बेतात आहे हे आधीच ओळखणे, उपग्रहाच्या छायाचित्रांवरून कोणत्या वस्त्या उद्ध्वस्त झाल्या आणि मदत आधी कोठे पोचवायची हे ठरवणे, या कामांना आक्षेप घेण्याजोगे काहीही नाही. उलट, तंत्रज्ञान हाताशी असताना ते न वापरता जवानाला सुरुंगावर पाठवणे हाच अपराध ठरेल.

काही ठिकाणी तर यंत्राला पर्यायच नाही. समुद्राच्या पाण्याला लागून येणारे क्षेपणास्त्र पृथ्वीच्या वक्रतेमुळे रडारला उशिरा दिसते. ते ध्वनीच्या वेगाने येत असेल तर दिसल्यापासून आदळेपर्यंत एक-दीड मिनिट मिळते, आणि त्याहून वेगवान असेल तर त्याच्या निम्मेही नाही. अशी चार-पाच क्षेपणास्त्रे एकाच वेळी आली, तर प्रत्येकाबाबत माणसाने आज्ञा द्यावी हे शक्यच नसते. येथे यंत्र यंत्रावर मारा करते, मोकळ्या समुद्रात करते, आणि जहाजावरील शेकडो माणसे वाचवते.

जॉर्जिया टेक या संस्थेतील रोबोटिक्सचे प्राध्यापक रोनाल्ड आर्किन यांनी आणखी पुढचा मुद्दा मांडला आहे. सैनिक थकतो, घाबरतो, मित्र डोळ्यांदेखत गेल्यावर सूडाने पेटतो, आणि युद्धातील कित्येक अत्याचार अशाच क्षणी घडतात. यंत्र सूड घेत नाही, आणि स्वतःचा जीव वाचवण्यासाठी त्याला आधी गोळी झाडावी लागत नाही. या युक्तिवादात तथ्य आहे. मात्र जे यंत्र सूड घेत नाही ते बेकायदा हुकूम नाकारतही नाही, आणि गावात शिरताना ‘येथे काहीतरी चुकते आहे’ असे वाटून ते थबकतही नाही. सैन्यात राहिलेल्या आपल्यासारख्यांना अशा थबकण्याची किंमत माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल.

आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. स्वतःच्या देशात शवपेट्या येत नाहीत तेव्हा युद्ध सुरू करणे सोपे होते, आणि लढाई ज्यांच्या घरांवरून जाते त्या नागरिकांची जोखीम त्यामुळे तसूभरही कमी होत नाही.

प्रश्न : युक्रेनमधील ड्रोन आता स्वतःच लक्ष्यावर जाऊन आदळतात, असे वाचले. ते चालवायला माणूस असताना ही गरज का पडली?
*– अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी*

जॅमिंगमुळे. छोटा हल्लेखोर ड्रोन चालवणारा सैनिक काही किलोमीटर दूर बसून डोळ्यांवरील चष्म्यात ड्रोनच्या कॅमेऱ्याचे चित्र पाहत असतो. हे चित्र आणि त्याच्या आज्ञा रेडिओलहरींवरून जातात. शत्रू त्याच लहरींवर गोंगाट सोडतो. शिवाय ड्रोन लक्ष्याकडे झेपावताना जमिनीलगत येतो, तेव्हा टेकड्या, झाडे आणि इमारती आड येऊन संपर्क असाही क्षीण होतो. परिणामी, नेमक्या शेवटच्या काहीशे मीटरमध्ये चित्र जाते आणि ड्रोन भरकटतो.

यावर दोन उपाय निघाले. पहिला अगदी साधा : ड्रोनमागे केसाइतकी बारीक ऑप्टिकल फायबरची तार सोडायची, म्हणजे जॅमिंगचा प्रश्नच उरत नाही. दुसरा उपाय सॉफ्टवेअरचा. चालक पडद्यावरील रणगाडा निवडतो, आणि पुढे संपर्क तुटला तरी ड्रोन त्या आकृतीचा माग धरून जातो. येथे लक्ष्य माणसानेच निवडलेले असते, म्हणून मला हे फारसे आक्षेपार्ह वाटत नाही.

काळजी वाटते ती पुढच्या पायरीची. संपर्क शेवटच्या टप्प्याऐवजी वाटेतच तुटू लागला, तर ‘त्या भागात जा आणि रणगाड्यासारखे काही दिसले तर मारा कर’ अशी आज्ञा आधीच देऊन ठेवण्याचा मोह होतो. एका चालकाकडे एकाऐवजी वीस ड्रोन आले, तर तो मोह गरज बनतो. स्वायत्त शस्त्र, म्हणजे माणसाच्या आज्ञेविना स्वतःच लक्ष्य निवडून मारा करणारे शस्त्र, ही कोणी एका दिवशी ठराव करून स्वीकारलेली गोष्ट असणार नाही. अशा रास्त वाटणाऱ्या छोट्या पायऱ्यांवरूनच आपण तेथे पोचू, आणि यासाठी लागणारे संगणकाचे सुटे भाग बाजारात सहज मिळत असल्याने केवळ सरकारी सैन्येच तेथे पोचतील असेही नाही.

प्रश्न : चेहरे ओळखणारे, भाषांतर करणारे सॉफ्टवेअर आता इतके अचूक झाले आहे. मग युद्धातच ते चुकेल अशी भीती का घालता?
*– संगणक क्षेत्रात काम करणारे एक वाचक*

युद्धात समोरचा पक्ष आपल्याला फसवण्यासाठी जीव तोडून प्रयत्न करीत असतो, हे पहिले कारण. २०१७ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील संशोधकांनी त्रिमितीय छपाईने प्लास्टिकचे कासव तयार केले आणि त्याच्या पाठीवरील रंगांच्या नक्षीत असे बारीक फेरफार केले, की माणसाला ते कासवच दिसे, पण त्या काळातील एक नावाजलेली ओळखप्रणाली त्याला जवळजवळ प्रत्येक कोनातून बंदूक ठरवी. आता याची उलट बाजू पाहा. जी नक्षी कासवाची बंदूक करू शकते, तशीच एखादी नक्षी रणगाड्याची शाळेची बस करू शकेल, किंवा शाळेच्या बसचा रणगाडा.

इतके कौशल्यही नेहमी लागत नाही. अमेरिकेच्या ‘डार्पा’ या संरक्षण संशोधन संस्थेच्या एका प्रकल्पात माणसे हेरणारी प्रणाली मरीन सैनिकांच्या हालचाली दाखवून तयार केली होती. नंतर त्याच सैनिकांना तिच्या नजरेस न पडता तिच्याजवळ पोचायला सांगितले. कोणी कोलांट्या उड्या मारत गेले, दोघे पुठ्ठ्याच्या खोक्याखाली दडून सरकत गेले, एकाने झाडाच्या फांद्यांनी अंग झाकून घेतले, आणि सगळे सुखरूप पोचले. प्रणालीने चालणारी माणसे पाहिली होती, कोलांट्या मारणारी पाहिली नव्हती. पहाऱ्यावरचा मनुष्य सरकणारे खोके पाहून तत्काळ सावध झाला असता, कारण खोकी आपणहून चालत नाहीत हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

दुसरे कारण असे की युद्धातील चुकीचे मोजमाप सरासरीने करता येत नाही. छायाचित्रांच्या संग्रहावर केलेल्या चाचणीत शंभरातील पंच्याण्णव उत्तरे बरोबर आली, तर तो मोठा गौरव समजला जातो. पण त्या चाचणीतील छायाचित्रे स्वच्छ उजेडातील असतात. धूर, धूळ, अर्धवट पडलेल्या भिंती, कपड्यांवरून वेगळे न ओळखू येणारे लढवय्ये आणि नागरिक यांतले काही त्यांत नसते, आणि उरलेली पाच उत्तरे कोणाच्या जिवावर बेतणार हेही त्या आकड्यातून कळत नाही.

२३ मार्च २००३ ची घटना याबाबत बोलकी आहे. इराकवरील मोहीम आटोपून ब्रिटिश हवाई दलाचे टॉर्नेडो विमान कुवेतमधील तळाकडे परतत होते. अमेरिकेच्या पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणेने त्याची गणना रडारवर चालून येणाऱ्या शत्रूच्या क्षेपणास्त्रात केली. विमानाची मित्र-ओळख देणारी यंत्रणा काम करीत नव्हती. पॅट्रियटच्या तुकडीचा इतर दलांशी पुरेसा संपर्क नव्हता, त्यामुळे आकाशात एरवी काय चालले आहे याचे चित्र तिच्यापुढे नव्हते. डागायचे की नाही हे ठरवायला तिच्यापाशी सुमारे एक मिनिट होते. तिने यंत्रणेवर विश्वास ठेवला आणि विमानातील दोघेही ठार झाले. पुढे २ एप्रिलला पॅट्रियटनेच अमेरिकी नौदलाचे एफ-१८ विमान पाडले आणि त्याचा वैमानिक गेला. पॅट्रियट नियमांवर चालणाऱ्या पिढीतील होती. तिची चूक कोठे झाली हे नंतर शोधता आले. शिकणाऱ्या प्रणालींबाबत तेवढाही भरवसा देता येत नाही.

प्रश्न : सर्वच देश सांगतात की अंतिम निर्णय माणूसच घेईल. मग चिंता कशाची?
*– एक विधी महाविद्यालयीन विद्यार्थिनी*

आलेल्या सर्व पत्रांत मला हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून याचे उत्तर थोडे सविस्तर देतो.

एप्रिल २०२४ मध्ये ‘+९७२’ या नियतकालिकाने इस्राएली गुप्तचर विभागातील, नावे न दिलेल्या अधिकाऱ्यांच्या हवाल्याने एक वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यानुसार गाझातील युद्धाच्या पहिल्या आठवड्यांत ‘लॅव्हेंडर’ नावाच्या प्रणालीने सुमारे ३७,००० पॅलेस्टिनींवर संशयित लढवय्ये म्हणून खूण केली होती. ती दहापैकी सुमारे एका वेळी चुकते हे माहीत असूनही, हल्ल्याला मंजुरी देण्यापूर्वी एकेका नावाची तपासणी काही वेळा वीस सेकंदांत उरकली जाई, आणि त्यात मुख्यतः ती व्यक्ती पुरुष आहे ना एवढेच पाहिले जाई, असे त्यात म्हटले आहे. इस्राएली सैन्याने हे नाकारले. आपण दहशतवादी ठरवणारी कोणतीही प्रणाली वापरत नाही, हे केवळ वेगवेगळ्या स्रोतांतील माहिती ताडून पाहण्याचे साधन आहे, आणि प्रत्येक लक्ष्याची विश्लेषक स्वतंत्रपणे तपासणी करतात, असा त्याचा खुलासा आहे. खरे काय ते ठरवण्यासाठी स्वतंत्र चौकशी व्हायला हवी. मात्र वृत्तांतातील वर्णन खरे मानले, तर तेथेही अंतिम निर्णय माणसानेच घेतला होता, याकडे आपण लक्ष द्यावे. कागदोपत्री अट पूर्ण झाली होती.

समोर नावांची रांग लागलेली असते, वरून अधिक लक्ष्यांची मागणी होत असते, यंत्राने दिलेल्या उत्तराला आकड्यांचे वजन असते, आणि ‘नाही’ म्हणायचे तर कारण देण्याची जबाबदारी माणसावर येते, ‘हो’ म्हणायला मात्र कारण लागत नाही. अशा परिस्थितीत चांगला, सद्बुद्धीचा अधिकारीही हळूहळू शिक्का मारणारा होतो. यात त्याच्या स्वभावापेक्षा कामाच्या रचनेचा दोष अधिक असतो.

माणूस यंत्राला खरोखर अडवतो ते कसे, याचे उदाहरण २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्रीचे आहे. सोव्हिएत संघाच्या इशारा केंद्रात लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव्ह कामावर होते. अमेरिकेने क्षेपणास्त्र सोडल्याचा इशारा उपग्रहप्रणालीने दिला, आणि पाठोपाठ आणखी चार. पेत्रोव्ह यांनी वरिष्ठांना हल्ला झाल्याचे न कळवता यंत्रणेत बिघाड असल्याचे कळवले. पुढे कळले की उंचावरील ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाला प्रणालीने क्षेपणास्त्रांची ज्वाला मानले होते. त्यांचा हा निर्णय निव्वळ धाडसाचा नव्हता. पहिला हल्ला करणारा देश पाचच क्षेपणास्त्रे सोडणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. प्रणाली नवी आहे आणि पूर्ण भरवसा ठेवण्याजोगी नाही, हेही ठाऊक होते. जमिनीवरील रडारकडून दुजोरा येत नव्हता. म्हणजे यंत्राच्या बाहेरचे ज्ञान त्यांच्यापाशी होते, ते वापरायला काही मिनिटे होती, आणि आपले मत कळवण्याचा अधिकार होता. यांतले एक जरी नसते, तर तेथे माणूस बसवून उपयोग झाला नसता.

माणूस म्हणजे हमी, असाही माझा दावा नाही. ३ जुलै १९८८ रोजी अमेरिकेच्या ‘व्हिन्सेन्स’ युद्धनौकेने इराणचे प्रवासी विमान पाडले आणि २९० जण मृत्युमुखी पडले. त्या वेळी नौकेवरील एजिस या रडारवर आधारित संरक्षणयंत्रणेची माहिती बरोबर होती. विमान वर चढत होते आणि यंत्रणा तसेच नोंदवत होती. लहान इराणी नौकांशी चकमक चालू असताना, काही मिनिटांच्या ताणाखाली असलेल्या माणसांनी मात्र ते खाली झेपावत आहे असे मानले. वेळ आणि मनःस्वास्थ्य हिरावून घेतले की माणूस बरोबर असलेले यंत्रही चुकीचे वाचतो.

म्हणून ‘माणूस निर्णय घेईल’ या आश्वासनावर मी समाधान मानत नाही. एका लक्ष्यासाठी किमान किती वेळ द्यायचा, यंत्राने सुचवलेल्या लक्ष्याला यंत्राबाहेरचा दुजोरा कोणता लागेल, नकार दिल्याची किती उदाहरणे नोंदली गेली, हे विचारायला हवे. ज्या केंद्रातून आलेली जवळजवळ सर्वच लक्ष्ये मंजूर होतात, तेथे देखरेख नाही असे मी समजेन.

प्रश्न : यंत्राच्या चुकीने नागरिक मारले गेले तर शिक्षा कोणाला? सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला, सेनापतीला, की सरकारला?
*– एक वकील*

राज्याची जबाबदारी सुटत नाही. शस्त्र कोणतेही असो, ते वापरणाऱ्या राज्याला युद्धविषयक कायदा बंधनकारक आहे. जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त नियमावलीने लढवय्ये आणि नागरिक यांत भेद करणे, अपेक्षित लष्करी लाभाच्या मानाने नागरी हानी अवाजवी होऊ न देणे, आणि हल्ल्यापूर्वी शक्य ती खबरदारी घेणे ही बंधने घातली आहेत. तिच्या ३६ व्या कलमाने नवे शस्त्र कायद्यात बसते की नाही हे तपासण्याची जबाबदारीही ती स्वीकारणाऱ्या राज्यांवर टाकली आहे.

अडचण येते ती व्यक्तीच्या फौजदारी जबाबदारीत. युद्धगुन्हा सिद्ध करायला सर्वसाधारणपणे हेतू आणि जाणीव दाखवावी लागते. प्रणाली अशी चुकेल हे सेनापतीला ठाऊक नव्हते, अभियंत्याने युद्ध पाहिलेले नव्हते, चालकाने नियमावलीप्रमाणे मंजुरी दिली, आणि सगळे निर्दोष सुटले, तरी मृत माणसे मृतच राहतात. चुकण्याचे प्रमाण माहीत असूनही प्रणाली वापरात ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला अजाणतेपणाचा बचाव मिळू नये, असे मला ठामपणे वाटते. आपल्यासारख्या कायदेतज्ज्ञांनी या मुद्द्यावर अधिक लिहायला हवे.

प्रश्न : अण्वस्त्रांचा निर्णयही यंत्रांकडे जाईल का?
*– एक वाचक*

नोव्हेंबर २०२४ मध्ये पेरूतील लिमा येथे अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष जो बायडेन आणि चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग यांनी अण्वस्त्रे वापरण्याच्या निर्णयावर माणसाचेच नियंत्रण राहावे, याला दुजोरा दिला. हा बंधनकारक करार नाही. शिवाय पेत्रोव्ह यांच्या बाबतीतही निर्णय यंत्राकडे नव्हताच, यंत्राकडे होता तो फक्त इशारा. माझ्या मते खरा धोका तेथेच आहे.

प्रश्न : लिबियात यंत्राने माणसाच्या आज्ञेशिवाय माणसे मारल्याची पहिली घटना घडली, असे वाचले. हे खरे आहे का?
*– एक पत्रकार*

संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञमंडळाच्या मार्च २०२१ मधील अहवालावरून ही बातमी आली. २०२० मध्ये माघार घेणाऱ्या, लिबियाच्या पूर्व भागातील सेनानी खलिफा हफ्तार यांच्या फौजांवर तुर्की बनावटीच्या ‘कार्गू-२’ या ड्रोनसह काही शस्त्रांनी हल्ले झाले, आणि चालकाशी संपर्क नसतानाही मारा करण्याची सोय या शस्त्रांत होती, असे त्यात म्हटले आहे. त्या हल्ल्यांत ती सोय प्रत्यक्ष वापरली गेली आणि त्यात अमुक माणसे मेली, असे अहवालात स्पष्ट लिहिलेले नाही. ‘पहिली घटना’ हा शब्दप्रयोग बातम्यांनी जोडला.

यातून एक अवघड गोष्ट मात्र पुढे येते. ड्रोनचे अवशेष पाहून त्याला शेवटची आज्ञा माणसाने दिली की सॉफ्टवेअरने, हे सांगता येत नाही. दोन्ही बाबतीत यंत्र तेच आणि स्फोटही तसाच. आज्ञांच्या नोंदी जपून ठेवल्या आणि त्या चौकशीसाठी खुल्या केल्या, तरच ते कळू शकेल.

प्रश्न : या शस्त्रांवर आंतरराष्ट्रीय बंदी शक्य आहे का, की ही चर्चा व्यर्थ आहे?
*– राज्यशास्त्राचे एक प्राध्यापक*

चर्चा व्यर्थ नाही, पण ती फार मंद आहे. जिनिव्हात या विषयावर राष्ट्रांच्या बैठका २०१४ पासून चालू आहेत. तेथे निर्णय सर्वसंमतीने होत असल्याने एखाद्या देशाच्या हरकतीनेही काम अडते. ऑक्टोबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे महासचिव अंतोनियो गुतेरेस आणि आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीच्या अध्यक्षा मिर्याना स्पोल्यारिच यांनी संयुक्त आवाहन करून २०२६ पर्यंत बंधनकारक करार करण्याचे लक्ष्य राष्ट्रांपुढे ठेवले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महासभेने या विषयावरील पहिला ठराव १५२ विरुद्ध ४ मतांनी संमत केला. विरोधात रशिया, बेलारूस, माली आणि भारत होते. बंधनकारक कराराची वेळ अजून आलेली नाही आणि या विषयाची जागा जिनिव्हातील मंच हीच आहे, अशी भारताची भूमिका राहिली आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २०१२ मध्ये काढलेला आणि २०२३ मध्ये सुधारलेला आदेशही स्वायत्त शस्त्रांवर बंदी घालत नाही. बळाच्या वापरावर ‘योग्य प्रमाणात’ मानवी विवेक असावा, एवढेच तो सांगतो.

पूर्वीची उदाहरणे दोन्ही बाजूंना धरून आहेत. कायमचे अंधत्व आणणाऱ्या लेझर शस्त्रांवर १९९५ मध्ये, ती रणांगणावर रुळण्याआधीच, बंदी आली. व्यक्तिविरोधी सुरुंगांवर १९९७ मध्ये ओटावा करार झाला, पण मोठी लष्करी राष्ट्रे त्याबाहेर राहिली. स्वायत्त शस्त्रांची अडचण अधिक आहे, कारण सुरुंग मोजता येतात, सॉफ्टवेअर मोजता येत नाही. माणसाच्या आज्ञेने चालणारा ड्रोन एका रात्रीत आज्ञेविना चालणारा करता येतो.

तरीही रेडक्रॉस समितीने २०२१ मध्ये मांडलेला मार्ग मला सर्वांत व्यवहार्य वाटतो. ज्यांच्या परिणामांचा पुरेसा अंदाज बांधता येत नाही अशा आणि थेट माणसांना लक्ष्य करणाऱ्या स्वायत्त शस्त्रांवर बंदी घालावी, आणि इतरांवर लक्ष्याचा प्रकार, कालावधी, क्षेत्र व मानवी देखरेख यांची बंधने घालावीत. यात क्षेपणास्त्रे पाडणारी नौकेवरील तोफ टिकते, पण वस्तीत सोडलेले माणूस शोधणारे यंत्र टिकत नाही.

प्रश्न : मी मशीन लर्निंगचे शिक्षण पूर्ण करीत आहे. संरक्षण क्षेत्रातील एका कंपनीकडून नोकरीचा प्रस्ताव आहे. स्वीकारावा का?
*– एक विद्यार्थिनी*

हा निर्णय आपलाच आहे आणि केवळ संरक्षण क्षेत्र म्हणून तो नाकारावा असे मी म्हणणार नाही. २०१८ मध्ये गूगलच्या हजारो कर्मचाऱ्यांनी प्रोजेक्ट मेव्हनला लेखी विरोध केला, आणि कंपनीने तो करार पुढे न वाढवण्याचे जाहीर केले. शस्त्रांसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता न वापरण्याचे वचनही तिने तेव्हा आपल्या तत्त्वांत घातले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते वचन तिने काढून टाकले. कंपन्यांची धोरणे बदलतात, म्हणून आपले प्रश्न आधीच स्पष्ट असावेत.

प्रणाली माणसांना लक्ष्य म्हणून ओळखणार आहे की वस्तूंना, हे मुलाखतीतच विचारावे. ती कोणत्या परिस्थितीत तपासली आहे, खात्री नसेल तेव्हा ती तसे सांगते की उत्तर देऊनच टाकते, तिचा वापर चुकीच्या ठिकाणी होत असल्याचे दिसले तर अभियंत्याने कोणाकडे जायचे, आणि पूर्वी असे कोणी गेले होते का, हेही विचारावे. या क्षेत्रात नवी मॉडेल बनवणारे पुष्कळ आहेत, ती मोडून पाहणारे थोडे आहेत. चाचणी आणि मूल्यमापनाच्या विभागात जागा असेल तर तिचा आधी विचार करावा, असे मी सुचवीन. पुठ्ठ्याच्या खोक्यासारखी युक्ती त्या विभागाला शत्रूआधी सुचावी लागते, आणि ती सुचल्यावर प्रणालीचे वितरण थांबवण्याचा अधिकार त्या विभागाला दिला आहे का, हे नेमणुकीचा कागद हाती घेण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.